शेट्यांचं मूळवाचन

नाव: ईश्वरअप्पा. वल्दियत, म्हणजे बापाचं नाव: मल्लप्पा. आडनाव: शेटे (तहकीकात चालू). कौम: लिंगायत वाणी. पेशा: दुकानदारी, गूळ, मीठ, घासलेट, तंबाखू. उमर: अंदाजे अठ्ठेचाळीस. सकूनत: मौजे केळगव्हाण, जिल्हा परभणी. हुलिया: रंग सावळा, बांधा किरकोळ, डोईला पांढरा रुमाल, कपाळी भस्माचे तीन पट्टे, उजव्या कानाची पाळी फाटलेली. वर्तन: निरुपद्रवी. दरख्वास्तीचा हेतू: इसम मजकूर हा शेटे घराण्याच्या थोरल्या शाखेचा वंशज असल्याचे सरकारातून मान्य व्हावे.

हा मजकूर फसली तेराशे पंचेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीसच्या, एका सरकारी मिसलीच्या, फायलीच्या, पहिल्या पानावर आहे. कारकुनानं तो समोरच्या माणसाकडे न बघता लिहिला असावा. फाटलेली पाळी डाव्या कानाची होती, आणि ईश्वरअप्पा निरुपद्रवी नव्हता. त्याचा उपद्रव फक्त घरच्यांना होता, एवढंच. आणि घरातला उपद्रव कुठलंही सरकार मोजत नाही.

शेटे हे आडनाव म्हणजे आधी एक काम होतं. गावच्या बाजारात कुणी कुठं बसायचं हे शेट्यानं ठरवायचं, भांडणं शेट्यानं मिटवायची, आणि त्याबद्दल प्रत्येक ढिगातून एक मूठ धान्य उचलायचं. त्या मुठीला फसकी म्हणत. शिवाय बसवण्णाच्या जत्रेत पहिला विडा शेट्याचा. पुढं काम गेलं, भांडणं पोलीस मिटवू लागले, पण मूठ आणि विडा राहिला. माणसाला काम गेल्याचं दुःख होत नाही. विडा गेला की होतं.

केळगव्हाणात शेट्यांची घरं दोन. थोरल्या चन्नप्पाचा नातू ईश्वरअप्पा आणि चन्नप्पाच्या धाकट्या भावाचा नातू कल्याणराव. मूठ आणि विडा कल्याणरावाच्या घरात. हे असं का, याचा ईश्वरअप्पानं स्वतःपुरता लावलेला अर्थ असा: आपण दहा वर्षांचे असताना बाप मल्लप्पा मेला, दहा वर्षांच्या पोराला बाजार सांभाळता येईना, म्हणून मान धाकट्या घरात गेला आणि तिथंच चिकटला. अर्थ सरळ होता, पटण्यासारखा होता, आणि अडतीस वर्षांत कुणी तो खोडला नव्हता.

त्याला एकच मुलगी. सिद्धम्मा, पंधरा वर्षांची. तिची सोयरीक चुडाव्याच्या वीरभद्रअप्पाच्या मुलाशी झाली होती. स्टेशनाजवळ धान्याची अडत, दोन बैलजोड्या, सासू मेलेली. ईश्वरअप्पाच्या ऐपतीच्या मानानं हे स्थळ इतकं चांगलं होतं, की त्याची बायको चन्नबसम्मा ते नाव मोठ्यानं घेत नसे. माघात साखरपुडा झाला. वैशाखातला मुहूर्त धरला. वीरभद्रअप्पानं घराण्याची चौकशी केली ती एवढीच, की जाताना सुपारी तोंडात टाकत तो म्हणाला, "जत्रंत पैला विडा तुमच्याकडंच ना?"

ईश्वरअप्पानं "न्हाई" म्हटलं असतं तरी लग्न झालं असतं. तो म्हणाला, "औंदापासून."

मग त्यानं तहसिलीत दरख्वास्त दिली, आणि मोनप्पा हेळव्याला सांगावा धाडला.

हेळवी म्हणजे लिंगायत घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा माणूस. तो कल्याणी गावाकडून दर तीन वर्षांनी बैलावर बसून येई. त्यांचा मूळपुरुष पांगळा होता म्हणून धडधाकट हेळवीसुद्धा यजमानाच्या दारात कमरेखाली घोंगडी गुंडाळून बसे. घंटा वाजवायची, घरचं नाव गायचं, बाप, आजा, नव्या जन्मलेल्याची नोंद, आणि शिधा घेऊन पुढं. हे वरवरचं वाचन. दुसरं मूळवाचन. ते मागणी केली तरच होई. सगळी भाऊबंदी समोर बसवायची, वही पहिल्या पुरुषापासून उघडायची, आणि एकदा सुरू केलं की मधली ओळ गाळायची नाही, मधे थांबायचं नाही. गाळली तर हेळव्याचाच वंश बुडतो, असा समज. ज्यानं वाचन मागितलं त्यानं हेळव्याला दुभती गाय द्यायची.

मोनप्पा आला. साठीचा, एका डोळ्यात फूल पडलेलं. मागणी ऐकून त्यानं घंटा खाली ठेवली.

"मालक, वरवरचं वाचतो की. तीन पिढ्या. झ्याक गातो. गाय बी नको मला."

"गाय दावणीला बांधलीय. मुळापासून वाचायचं."

"मुळाशी काय असतंय मालक? मातीच असती."

"तू शहाणपण शिकवायलास का वाचायलास?"

मोनप्पानं घंटा उचलली आणि गुरुवारचा दिवस सांगितला.

चन्नबसम्मा चुलीपुढून म्हणाली, "अवो, पोरीचं लगीन होऊन जाऊ द्या. मग रामायण वाचा न्हाईतर महाभारत वाचा."

"लग्नाआधीच वाचायचं. व्याह्याला बी बोलवलंय."

"व्याह्याला कशाला?"

"ऐकू दे ना, कुणाच्या घरात पोरगा द्यायलाय ते."

चन्नबसम्मा चुलीकडे वळली. बायका बोलायच्या थांबल्या की त्यांना पटलं, असं त्या घरात धरून चालत.

बुधवारी कल्याणराव स्वतः आला. तो सहसा येत नसे. ओट्यावर बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "दादा, औंदा विडा तुमी घ्या. मी पंचांना सांगतो. मूठ बी निम्मी घ्या. पर वाचन ऱ्हाऊ द्या."

ईश्वरअप्पाला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. "भ्यालास?"

"भ्यालो म्हणा."

"मग आता पुरं वाचूनच घेतो. निम्मी मूठ भीक म्हणून घेऊ व्हय?"

कल्याणराव उठला. जोडे घालताना त्यानं आत बघितलं. सिद्धम्मा लग्नाच्या गव्हातले खडे निवडत होती. तो काहीतरी बोलणार होता. मग रुमाल सारखा करून गेला. याला कुणी चांगुलपणा म्हणेल. पण कल्याणरावाचा चांगुलपणा नेहमी तोंडाशी येऊन थांबत असे, आणि थांबलेल्या चांगुलपणाचा कुणाला उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही.

गुरुवारी मठात सतरंज्या टाकल्या. पुरणाचं जेवण झालं. वीरभद्रअप्पा तिघा पाव्हण्यांना घेऊन आला होता. तहसिलीतून गिरदावर, म्हणजे महसुलाचा फिरता अधिकारी, आला होता, मिसलीसाठी पंचनामा करायला. त्याला सेलूला पोचून गाडी धरायची होती, म्हणून हात धुतल्या धुतल्या त्यानं कागद काढला आणि वाचन सुरू होण्याआधीच पंचनामा लिहून टाकला. 'वंशावळीची वही हजर. वही पंचांसमक्ष मुळापासून वाचली गेली.' मग मान वर करून विचारलं, "किसकी हरकत तो नई ना?"

"न्हाई," सगळे म्हणाले. अजून कशाचीच हरकत घेण्यासारखं काही झालं नव्हतं.

'कोणीही हरकत घेतली नाही,' असं लिहून, पाच पंचांच्या सह्या-अंगठे घेऊन गिरदावर टांग्यात बसला. टांगा वेशीबाहेर गेला तेव्हा मोनप्पानं घंटा वाजवली.

पहिली बारा नावं तो गातच होता. कोण कुठल्या गावाहून उठला, कोणी कुठल्या बाजारात पहिलं पाल ठोकलं, कुणाला शेटेपण मिळालं, कुणाच्या घोडीचं काय नाव. ईश्वरअप्पा प्रत्येक नावाला वीरभद्रअप्पाकडे बघत होता. तेरावं नाव चन्नप्पाचं. तिथं मोनप्पाचा सूर उतरला आणि तो नुसतं वाचू लागला.

"चन्नप्पा. बायको बसलिंगम्मा. पोटी संतान न्हाई."

ईश्वरअप्पा हसला. "वाच नीट. दुसरा डोळा बी गेला का?"

मोनप्पा थांबला नाही. थांबायची रीत नव्हती.

"मोठ्या दुष्काळात पूर्णेच्या वाळूत एक बाई बसली व्हती. संगं पोर, सा-सात वर्साचं. चन्नप्पानं दोन पायल्या जवारी देऊन पोर घेतलं. बाईला जात इचारली न्हाई. बाई दुसऱ्या दिशी त्याच वाळूत मेली. पोर दुकानात पुड्या बांधायला ठेवलं. पुढं जंगमाकडून लिंग बांधलं, मल्लप्पा नाव दिलं. दत्तविधान न्हाई. शाखा बंद."

आणि श्वास न घेता तो चन्नप्पाच्या धाकट्या भावावर गेला, पुन्हा गाऊ लागला. कल्याणरावाच्या घरातल्या शेवटच्या नातवंडापर्यंत गायला. वाचन पूर्ण व्हायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास ईश्वरअप्पा सगळ्यांसमोर बसून होता. वाचनातून उठायचीही रीत नव्हती.

घंटा वाजल्यावर त्यानं विचारलं, "मग माझं नाव कुठं हाय?"

"वहीत न्हाई मालक."

"तीन-तीन वर्सानं दारात येऊन काय गात व्हतास मग?"

"तुमच्या बापाचं नाव गायचो. तुमच्या आज्याचं गायचो. दोन्ही नावं खरी हायत. मधलं तुमी कदी इचारलं न्हाई."

म्हातारी माणसं जमिनीकडे बघत होती. त्यावरून ईश्वरअप्पाला दुसरी गोष्ट कळली: हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावानं साठ वर्षं ते तोंडातून काढलं नव्हतं. मायेनं नव्हे. जी गोष्ट बोललीच नाही तिचं काही करावं लागत नाही, आणि गावाला कामं पुष्कळ होती. आता ती गाऊन झाली. आता काहीतरी करणं भाग होतं.

वीरभद्रअप्पानं पान पुरतं चघळलं, थुंकला, आणि म्हणाला, "गाडीची येळ झाली." चुडाव्याकडच्या गाडीला अजून पाच तास होते.

मोनप्पा गाय घेऊन गेला. त्यानं मागितली नव्हती; पण मूळवाचन मागणाऱ्यानं गाय द्यायची, आणि ईश्वरअप्पा रीत पाळणारा माणूस होता. गाय वेशीपाशी वळून हंबरली. मोनप्पानं पुढून दावं ओढलं, मागून एका पोरानं शेपटी पिळली.

एकदा लिंग बांधलं की मागची जात उरत नाही, असं त्याच मठात दर सोमवारी सांगितलं जाई. त्या दिवशी गुरुवार होता. मठाच्या जंगमानं, पुरोहितानं, पुढच्या आठवड्यापासून ईश्वरअप्पाच्या घरी जेवायचं बंद केलं. कोरडा शिधा मात्र तो घेत राहिला. डाळ-तांदळाला काही लागत नाही, असं त्याचं मत.

गावाला एक उद्योग मिळाला. वाळूतल्या बाईची जात कोणती? पारावर रोज नवी निघे. गावातल्या प्रत्येक जातीनं ती बाई दुसऱ्या जातीला देऊन टाकली. आपल्यात कुणी घेतली नाही.

चुडाव्याहून साखरपुड्याचं लुगडं परत मागायला माणूस आला. चन्नबसम्मानं घडी करून दिलं. वीरभद्रअप्पाची खरेदी झालेली होती, मांडवाचे बांबू सांगितलेले होते, आणि वाचनात एका घराचा वंश स्वच्छ निघालाच होता. त्यानं कल्याणरावाची धाकटी मुलगी मागितली. वैशाखातला मुहूर्त तोच राहिला. लग्नाचा गूळ ईश्वरअप्पाच्या दुकानातून गेला. गावात दुसरं दुकान नव्हतं.

गुळाच्या ढेपा न्यायला कल्याणराव स्वतः गाडी घेऊन आला. तेव्हा ते एकदाच बोलले.

"कल्याण, तुला ठाऊक व्हतं. तोंड उघडून का सांगितलं न्हाईस?"

"उघडलं असतं तर तुमी म्हणला असता, भाऊबंद जळायलाय." त्यानं ढेप गाडीत टाकली. "आन भाऊबंद तर आपण न्हाईच, दादा."

दादा म्हणायची सवय त्याला पुढंही मोडता आली नाही.

इथं एखादा माणूस गप्प बसला असता, गाव बदललं असतं, मुलीला मिळेल तिथं दिलं असतं. ईश्वरअप्पानं मिसल चालू ठेवली. हेळव्याची वही खोटी, मोनप्पा कल्याणरावाचा विकत घेतलेला, वाळू, बाई, पायल्या सगळं बनावट. खरं काय ते सरकार ठरवील. परभणीला अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे कलेक्टराच्या, कचेरीत तो महिन्याला एकदा जाई. तिथला पेशकार त्याला ओळखू लागला, आणि बाकावरून उठवू लागला.

दुसऱ्या वर्षी येलदरीकडचं एक स्थळ सांगून आलं. बिजवर, दोन लेकरं, पण दात सगळे होते. चन्नबसम्मानं मध्यस्थाला दूध दिलं, घरात होती तेवढी साखर घालून.

"शेट्याची पोर बिजवराला?" ईश्वरअप्पा म्हणाला. "हुकूम येऊ द्या."

चौथ्या वर्षी हिंगोलीकडचा एक लंगडा शिंपीकाम करणारा आला. लिंगायत होता, वाळूची गोष्ट त्याला कळली होती, आणि त्याची हरकत नव्हती. तो गेल्यावर सिद्धम्मा प्रथमच बापासमोर बोलली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

"अप्पा, आजा वाळूत सापडला तर सापडला. मला लाज न्हाई. मला लगीन पायजे."

ईश्वरअप्पाच्या हातात लोखंडी शेर होता. त्यानं तो फेकला. भुवई फुटली. पुढच्या स्थळाला ही खूण कशी सांगायची याची चन्नबसम्माला काळजी पडली होती, पण पुढचं स्थळ आलं नाही. दोन पावसाळ्यांनी हिवतापानं चन्नबसम्मा गेली. मरताना ती नवऱ्याला म्हणाली, "वाचलं का आता समदं?" त्याला वाटलं, तापात बरळतेय.

फसली तेराशे चौपन्नमध्ये, नऊ वर्षांनी, हुकूम आला. ईश्वरअप्पाच्या बाजूनं आला. हेळव्याची वही कचेरीत कुणाला वाचता येत नव्हती, आणि ती वाचायची जरूरही नव्हती, कारण मिसलीत पंचनामा होता. वही मुळापासून वाचली गेली. कोणीही हरकत घेतली नाही. सबब इसम मजकूर हा शेटे घराण्याच्या थोरल्या शाखेचा अस्सल वंशज असून त्याचे घराणे अखंड व निर्विवाद आहे. फसकी व पहिल्या विड्याचा हक्क इसम मजकुराचा. पुरुष संतती नसल्यास हक्क त्याच्या पश्चात धाकट्या शाखेकडे जाईल.

ईश्वरअप्पानं हुकूम दुकानात तीनदा वाचून घेतला. सिद्धम्मा मिठाच्या पोत्यापाशी उभी होती.

"बघ," तो म्हणाला. "म्हणत व्हतो का न्हाई?"

"किती वर्साची झाले मी, अप्पा?"

"हुकमात तसं काय न्हाई," तो म्हणाला.

रविवारी तो बाजारात गेला. नवं धोतर, पांढरा रुमाल, छातीशी हुकूम. पहिला ढीग दगडाबाईचा होता, तुरीचा. ती सत्तरीची, लेकाच्या शेतातली तूर विकायला दर आठवड्याला येणारी. ईश्वरअप्पानं हुकूम उलगडला, आणि मूठ भरायला वाकला. दगडाबाईनं पदरानं ढीग झाकला.

"सरकारी हुकूम हाय, दगडाबाई."

"आसंल की. तुज्या बापाला दोन पायल्यात घेतलं व्हतं बाबा. पैलं ते फेड. मग मूठ उचल."

शेजारचे हसले. पुढच्या ढिगावर फडकं पडलं, त्याच्या पुढच्याही. ईश्वरअप्पा ओळीच्या शेवटपर्यंत चालत गेला, कारण मधे वळला असता तर सगळ्यांना तोंड दिसलं असतं. शेवटी हरभऱ्यावाल्या लिंबाजीनं, बहुधा कंटाळून, चार दाणे त्याच्या हातावर टाकले. ते त्यानं रुमालाच्या टोकाला बांधले. त्यानंतर तो दर रविवारी जाई, आणि दर रविवारी फडकी पडत. जत्रेत पंचांनी हुकूम मान्य केला आणि पहिला विडा त्याला दिला. तो घेताना पुढं आलेला हात कुणाच्याही हाताला लागू नये म्हणून विडा पाटावर ठेवून पाट सरकवला.

फसली तेराशे छप्पन्नच्या चैत्रात तो दुकानातच बसल्या बसल्या मेला. मठाच्या जागेत पुरायला कल्याणरावानं आडकाठी केली नाही. शेट्यांच्या ओळीपासून पंधरा हात सोडून खड्डा दिला.

तिसऱ्या दिवशी पटवारी नोंद करायला आला. ऊन होतं, म्हणून तो दुकानात आत बसला. 'ईश्वरअप्पा वल्द मल्लप्पा शेटे. कौम लिंगायत वाणी. घराणे: थोरली शाखा, अस्सल, अखंड व निर्विवाद, हुकूम सोबत जोडला आहे. मयताच्या पश्चात कोणी नाही.'

हे लिहिताना तो ज्या पोत्यावर बसला होता, ते सिद्धम्मानं झटकून अंथरलं होतं.